वल्द, जौजे, बेवा : एका पूर्वजाचा शोध

तुमच्या खापरपणजोबांचे नाव तुम्हांला सांगता येईल का? वडिलांचे आणि आजोबांचे नाव प्रत्येकालाच ठाऊक असते. पणजोबांचे नावही पुष्कळांना आठवते, कारण श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नावानिशी उच्चार करण्याची रीत आहे. चौथी पिढी त्या उच्चाराच्या बाहेर राहते. खापरपणजोबा नेमके त्या सीमेपलीकडे उभे असतात. त्यांच्याविषयी घरात काहीतरी सांगितले जाते, पण ते कोणी पाहिलेले नसते. कुठेतरी काहीतरी लिहिलेले असते, पण ते कोणी वाचलेले नसते. अशाच एका माणसाच्या शोधाची ही हकीकत आहे. ती माझ्या घरातली असली, तरी तिच्यातील कागद आणि शब्द तुमच्याही घरात असण्याचा पुष्कळ संभव आहे.

हा शोध मी हौसेने आरंभला नव्हता. पुतणीच्या जातपडताळणीसाठी वंशावळ हवी होती. हे प्रकरण तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. अनुसूचित जातीसाठी १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि मग घरातले कोणीतरी शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, जुने अधिकार अभिलेख यांच्या मागे लागते. आमच्या घरात ते काम माझ्याकडे आले. पुतणीला लागणारा कागद तुलनेने लवकर हाती लागला. परंतु त्यासाठी वंशावळीचा तक्ता मांडताना वरच्या टोकाशी एक नाव असे आले, की त्याच्यापुढे ‘मृत्यू’ या रकान्यात काय लिहावे हे घरात कोणालाच सांगता येईना. प्रकरण निकाली निघाले, पण तो रकाना माझ्या मनातून गेला नाही.

आमचे मूळ गाव अल्लीपूर. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातले, यशोदा नदीच्या परिसरातले हे मोठे गाव. काळी कसदार जमीन आणि तिच्यात कापूस, तूर, जवारी ही इथली जुनी ओळख. जुन्या इंग्रजी कागदांत हे नाव ‘अलीपूर’ असेही आढळते, म्हणून शोधणाऱ्याने दोन्ही रूपे पाहावीत. खापरपणजोबांच्या काळाची चौकटही ध्यानात घ्यावी लागते. तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे निधन १८५३ मध्ये झाले आणि त्यानंतर नागपूरचे राज्य खालसा करण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा करण्यात आला. त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला अपूर्व भाव आला आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव दूरदेशी पोचले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास जाऊन भिडला. याच काळातल्या जमाबंदीने बऱ्याच गावांत पाटलांना मालगुजार, म्हणजे गावाचे मालक ठरवले, आणि कसणारे लोक त्यांची कुळे झाली. ही व्यवस्था १९५१ पर्यंत टिकली. ‘वावर आपलंच होतं’ असे घरात कितीही अभिमानाने सांगितले जात असले, तरी त्या काळी ते ‘आपण कसत होतो’ इतक्याच अर्थाने खरे असणार, हे हा इतिहास आपल्याला सांगतो.

आता घरातल्या आख्यायिकांकडे वळू. खापरपणजोबांविषयी आमच्याकडे तीन कथा चालत आल्या आहेत. घरातले पुरुष सांगत, की ते पायी काशीयात्रेस गेले, तिथेच विरक्त झाले आणि परतले नाहीत. भाऊबंदांच्या घरी सांगत, की सावकाराच्या देण्याला भिऊन ते रातोरात परागंदा झाले. तिसरी कथा मला माझ्या आत्याने सांगितली. आत्या आज नव्वदीच्या घरात आहे. खापरपणजी वारली तेव्हा ती आठ-दहा वर्षांची होती आणि तिच्या कुशीत निजत असे. ती म्हणाली, “मानसं म्हनत थो कासीले गेला. बुढी तसं नाई म्हने. बुढी म्हने, थो खडी फोडाले गेला, अन् आला नाई.”

या तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. तो माणूस घरातून गेला आणि परतला नाही. मतभेद आहे तो का गेला यावर. मौखिक परंपरेचा हा स्वभावच आहे. घटनेचा सांगाडा ती सहसा सोडत नाही, परंतु त्या घटनेचे कारण सांगणाऱ्याच्या सोयीने बदलते. म्हणून दंतकथा ऐकताना ‘खरी की खोटी’ हा प्रश्न पहिल्याने विचारू नये. ती कोण सांगते, आणि तसे सांगण्यात त्याचे काय राखले जाते, हे आधी पाहावे. काशीच्या कथेत घराची प्रतिष्ठा राखली जात होती. कर्जाच्या कथेत भाऊबंदांचे मोठेपण राखले जात होते. बुढीच्या कथेत मात्र कोणाचेच काही राखले जात नव्हते.

अभ्यासक्रमात तुम्ही बखरी वाचल्या आहेत. बखर आणि अस्सल कागद यांतील अंतरही तुम्हांला ठाऊक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो समकालीन पत्रांवरच इतिहासाची उभारणी व्हावी या आग्रहाने. गावोगावच्या वाड्यांतून, अडगळीतून त्यांनी दप्तरे गोळा केली. पण दुसरेही एक उदाहरण आठवावे. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे गेले ते १८५७ मध्ये; प्रवासाची हकीकत त्यांनी लिहिली ती सुमारे पाव शतकानंतर, आठवणीवर विसंबून. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला तेव्हा मजकुरावर संपादकाचा हात फिरलेला होता, आणि मूळ संहिता वाचकांपुढे यायला दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती यावी लागली. म्हणजे आठवण, लेखन आणि संपादन अशा तीन पायऱ्यांवर हकीकत बदलू शकते. आमच्या घरातल्या काशीच्या कथेचेही असेच तीन-चार वेळा संपादन झाले असावे, अशी शंका मला येऊ लागली, आणि मी कागदांकडे वळले.

विदर्भातल्या जुन्या महसुली कागदांत तीन छोटे शब्द वारंवार भेटतात : वल्द, जौजे आणि बेवा. हे फारसी-अरबी दप्तरी भाषेतून आलेले शब्द आहेत. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची पत्नी, ‘बेवा’ म्हणजे अमक्याची विधवा. चौथा शब्दप्रयोग ‘अज्ञान पालनकर्ता’ हा आहे. त्यात ‘अज्ञान’ म्हणजे सज्ञान न झालेला, वयाने लहान. आजच्या सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ ही अक्षरे दिसतात ती याचीच. हे शब्द केवळ नाती सांगत नाहीत, तर नोंद झाली त्या दिवशी कोण हयात होते हेही सांगतात. साहित्याचा विद्यार्थी एका विशेषणावरून पात्राची मनःस्थिती ओळखतो, तसेच कागद वाचणाऱ्याने या शब्दांवरून घराची स्थिती ओळखावी.

१८९० च्या दशकातल्या जमाबंदीच्या नकलेत खापरपणजोबांचे नाव कूळ म्हणून मिळाले. पुढे ‘वल्द’ आणि त्यांच्या वडिलांचे नाव. म्हणजे तेव्हा ते गावात होते आणि कसत होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पुढच्या बंदोबस्तात त्याच शेतावर माझ्या पणजोबांचे नाव आले आहे. त्यांच्यापुढे ‘अज्ञान’ आहे आणि पालनकर्ती म्हणून आई, ‘बेवा’ अमुक. तिचे स्वतःचे नाव लिहिलेले नाही. या दोन नोंदींच्या मध्ये केव्हातरी खापरपणजोबा नाहीसे झाले. अल्लीपूरच्या कोतवाल बुकाची जी पाने पाहायला मिळाली, त्यांत त्यांच्या मृत्यूची नोंद नव्हती. कोतवाल गावात झालेलेच जन्ममृत्यू सांगत असे, हे ध्यानात घेतले तर या अभावाचाही एक अर्थ निघतो : मृत्यू झाला असेल, तर तो गावाबाहेर झाला असावा. अर्थात अभावावर फार मोठी इमारत उभारू नये, हा नियम मी स्वतःला घालून घेतला.

यानंतर हाती आला तो घरातलाच एक कागद. भावाच्या घरी जुन्या पेटीत, पत्रिका आणि लग्नाच्या याद्यांखाली, मोडीत लिहिलेला एक रोखा होता. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी तो वाचून दिला. कागदाचा वरचा कोपरा उंदरांनी कुरतडलेला, त्यामुळे शकाचे आकडे गेलेले. शिल्लक होते ते एवढेच : ‘विकारी नाम संवत्सरे, माघ’.

आपल्या पंचांगातील साठ संवत्सरांचे चक्र अशा वेळी उपयोगी पडते. दक्षिणेकडील गणनेत शकाच्या आकड्यात बारा मिळवून साठाने भागावे. बाकी उरते तितक्या क्रमांकाचे संवत्सर समजावे. विकारी हे तेहतिसावे. शके १८२१ मध्ये बारा मिळवले की १८३३ होतात, आणि त्यांना साठाने भागले की तेहतीस उरतात. शके १८२१ म्हणजे इसवी सन १८९९–१९००. परंतु चक्र साठ वर्षांनी पुन्हा तिथेच येते. शके १७६१, म्हणजे १८३९–४० हे वर्षही विकारीच होते. म्हणजे हा कागद दोन वेगळ्या पिढ्यांचा असू शकत होता. निर्णय केला तो कागदाच्या माथ्यावरच्या छापाने. त्यावर राणी व्हिक्टोरियाची मुद्रा होती. १८३९ मध्ये नागपुरावर रघुजी भोसल्यांचे राज्य होते. त्यांच्या मुलखात इंग्रजी मुद्रांकावर रोखा लिहिला जाण्याचे कारण नव्हते. तेव्हा कागद शके १८२१ च्या माघ महिन्याचा, म्हणजे १९०० च्या आरंभीचा ठरला.

हे वर्ष सामान्य नव्हते. राजस्थान-गुजरातेत विक्रम संवत् १९५६ वरून ज्याला ‘छप्पनिया’ म्हणतात, तोच हा दुष्काळ. मध्य प्रांताने १८९६–९७ चा दुष्काळ नुकताच सोसला होता, आणि तीन वर्षांच्या आत पाऊस पुन्हा फिरला. माणसांना धान्य नव्हते, जनावरांना कडबा नव्हता. सरकारने दुष्काळी कामे काढली : तलाव खोदणे, रस्ते बांधणे, आणि सर्वांत जास्त म्हणजे रस्त्यांसाठी खडी फोडणे. त्या वस्त्यांवर पटकी पसरत असे.

आता रोखा वाचू. त्यात बैलांच्या कडब्यासाठी आणि घरखर्चाच्या जवारीसाठी उसने घेतल्याचे लिहिले आहे. घेणारीचा उल्लेख ‘जौजे’ अमुक असा आहे. इथे ‘बेवा’ नाही. म्हणजे १९०० च्या आरंभी तिचा नवरा हयात होता, किंवा निदान तसे मानले जात होते. पण रोखा करायला मात्र तो घरी नव्हता. खाली सहीच्या जागी एक लहानसे वर्तुळ काढले आहे आणि बाजूला लिहिले आहे : ‘निशाणी बांगडी’. निरक्षर शेतकरी नांगराची निशाणी करी आणि स्त्री बांगडीची, अशी जुनी वहिवाट होती. त्या वर्तुळावरून तिचे अहेवपण सिद्ध होते, असे म्हणण्याचा मोह मला झाला. परंतु लेखनिक कोणत्याही स्त्रीसाठी हीच निशाणी वापरत असणार, म्हणून तो पुरावा मी बाजूला ठेवला. भार टाकावा तो ‘जौजे’ या शब्दावर.

कागदाच्या पाठीवर दुसऱ्या हाताने, वेगळ्या शाईत दोन शब्द आहेत : ‘भर पावलो’. पैसे पूर्ण मिळाले, असा त्याचा अर्थ. खरे तर हे शब्द नसते, तरी तेच अनुमान निघाले असते. कर्जाचा रोखा धनकोच्या दप्तरात राहतो. फिटल्यावरच तो ऋणकोला परत मिळतो. हा कागद आमच्या पेटीत सापडला, यातच तो फिटल्याची साक्ष आहे. तुमच्या घरात असा कागद निघाला, तर मजकूर वाचण्यापूर्वी तो इथे का आहे, हा प्रश्न अवश्य विचारा.

या पुराव्यांसमोर तिन्ही कथा ठेवून पाहू. कर्जाला भिऊन पळाल्याची कथा क्रमात बसत नाही. आपल्यापाशी असलेले कर्ज तो घरी नसताना काढलेले आहे, आणि ते फिटलेले आहे. काशीची कथा अशक्य नाही. पण दारात कडबा नसताना, लहान मूल मागे ठेवून कुणबिकी करणारा माणूस यात्रेस निघाला हे मानणे कठीण जाते. खडी फोडायला गेल्याची कथा काळाशी, जागेशी आणि कोतवाल बुकातल्या मौनाशी जुळते. ती निर्विवाद सिद्ध झाली असे मी म्हणणार नाही. दुष्काळी कामावर मेलेल्या माणसांची नावे त्यांच्या गावी परत येतच असत असे नाही. पण तिघांपैकी एकीचाच शब्द मानायचा झाला, तर जिने त्या वर्षी दार धरून वाट पाहिली तिचाच मानावा लागतो.

मग घरातल्या पुरुषांनी काशी का सांगितली? मला वाटते, ती लबाडी नव्हती. आपला बाप मजुरीच्या रांगेत उभा राहिला आणि परक्या मातीत बेवारस गेला, हे माझ्या पणजोबांना आपल्या मुलांना सांगता आले नसावे. यात्रेला गेलेल्या माणसाची वाट पाहता येते. त्याच्या जाण्याला पुण्याईचा रंग देता येतो. दुःख सांगता येत नाही तेव्हा त्याच्या जागी कथा येते. अशी कथा खोडून टाकण्यापेक्षा, ती कोणत्या जखमेवर बांधली आहे हे ओळखणे अधिक महत्त्वाचे.

विद्यार्थी मित्रहो, इथवर मी खापरपणजोबांना शोधत होते. पण कागद ओळीने मांडल्यावर दिसले, की ते स्वतः एकाच नोंदीत आहेत. उरलेल्या सगळ्या कागदांतून वावरते ती दुसरीच व्यक्ती. कडबा मिळवून बैल जगवणारी, कर्ज काढणारी आणि फेडणारी, कुळाचा हक्क मुलाच्या नावावर टिकवणारी ती आहे. एका कागदात ती ‘जौजे’ आहे, दुसऱ्यात ‘बेवा’, आणि त्याच दुसऱ्या कागदात ‘पालनकर्ती आई’ही. प्रत्येक वेळी तिची ओळख कोणातरी पुरुषाच्या नावाने झाली आहे. वंशावळ सांगणाऱ्या भाटांच्या पोथ्यांतही पुरुषांचीच माळ असते, आणि पडताळणीचा तक्ता तीच माळ मागतो. जनगणनेने घराघरांतल्या बायकांची गणती केली. पण घरोघरची ती मूळ पत्रके जपून ठेवलेली नाहीत, उरल्या त्या बेरजा.

मी आत्याला तिचे नाव विचारले. आत्या थोडी हसली. “नाव कोन घेते, बाई? सारे बुढीच म्हनत.” मग जरा थांबून तिनेच विचारले, “त्या वावराले काय म्हनतो आपन?”

आमच्या त्या शेताला आजही सगळे ‘बुढीचं वावर’ म्हणतात. पेरणीच्या हिशेबात, फवारणीच्या बोलण्यात, गड्याला निरोप देताना हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले. सातबाऱ्यावर गट क्रमांक आहे आणि पुरुषांची नावे आहेत. पण ज्या मातीसाठी तिने त्या माघात बांगडीची निशाणी केली, त्या मातीला लोकांनी तिचेच नाव दिले. धुऱ्याशेजारच्या शेतांची नावे तुम्हीही एकदा आठवून पाहा. कोणाचे तरी अडलेले वर्ष, कोणाची तरी चिकाटी अशा नावांत दडलेली असते, आणि ती कोणत्याही दप्तरापेक्षा अधिक काळ तोंडी टिकते.

कचेरीला दिलेल्या वंशावळीत फेरफार करता येत नाही, आणि करूही नये. तिचा उपयोग वेगळा आहे. पण घरासाठी मी तिची एक प्रत स्वतंत्र काढली. त्या प्रतीत खापरपणजोबांच्या नावापुढे ‘शके १८२१ च्या दुष्काळात घरातून गेले, खडी फोडण्याच्या कामावर गेल्याचे पत्नी सांगत असे’ असे लिहिले. ‘असे’ हा शब्द मी जाणूनबुजून ठेवला आहे, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला पुरावा आणि सांगी यांतला फरक कळेल. त्यांच्या शेजारी एक चौकट आखून तिच्यात ‘बुढी’ एवढेच लिहिले, आणि खाली तिने काढलेल्या व फेडलेल्या कर्जाची नोंद केली. पुतणीने ती प्रत पाहिली आणि आईच्या बाजूच्या आज्यांसाठीही तशाच चौकटी आखायला घेतल्या. पहिल्या दोन लगेच भरल्या. तिसरीसाठी तिने मामाच्या गावी फोन लावला.

तुम्ही असा शोध आरंभणार असाल, तर क्रम एवढाच लक्षात ठेवा. शक आणि संवत्सर ताडून पाहायला, मोडी वाचून घ्यायला, तहसिलीतून नकला काढायला सवड मिळेल तेव्हा जाता येईल. कागद आणखी काही वर्षे थांबतील. घरातल्या सर्वांत वयोवृद्ध बाईकडे मात्र या आठवड्यातच जा. तिला पूर्वजांविषयी विचारू नका. वावरांची नावे विचारा.